बीईओएस चाचणी

बीईओएस चाचणी (ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर) ही न्यायसहायक मानसशास्त्रातील एक वादग्रस्त चाचणी आहे. मेंदूच्या विद्युत आलेखावरून एखाद्या व्यक्तीच्या स्मृतीत विशिष्ट घटनेचा प्रत्यक्ष अनुभव साठवलेला आहे की नाही, हे ओळखता येते असा या चाचणीचा दावा आहे. वृत्तपत्रांत ती आणि तिच्यासारख्या इतर चाचण्या 'ब्रेन मॅपिंग' या नावाने ओळखल्या जातात. इ.स. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने या चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात विचारात घेतला. त्यामुळे मानवी स्मृतीचे स्वरूप आणि ती मोजण्याच्या पद्धती यांविषयी भारतात व परदेशांत चर्चा झाली.

पार्श्वभूमी

एखादे महत्त्वाचे किंवा अनपेक्षित उद्दीपन मिळाल्यानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या आलेखात एक धन लहर दिसते. तिला पी-३०० म्हणतात. इ.स. १९६५ पासून तिचा अभ्यास होत आहे. अमेरिकेतील लॉरेन्स फारवेल यांनी या लहरीच्या आधारे गुन्ह्याची माहिती ओळखण्याची पद्धत मांडली. मात्र एखादी गोष्ट ओळखीची वाटणे आणि ती स्वतः अनुभवलेली असणे यांत फरक आहे. गुन्ह्याची माहिती वर्तमानपत्रातूनही मिळू शकते. बंगळूर येथील निमहान्स संस्थेच्या नैदानिक मानसशास्त्र विभागाचे माजी प्रमुख चंपादी रामन मुकुंदन यांनी हा फरक ओळखण्याच्या उद्देशाने बीईओएस विकसित केली.

मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी इ.स. १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. 'रायगडावर शिवराज्याभिषेक झाला' हे ज्ञान अर्थविषयक स्मृतीत मोडते, तर 'मी शाळेच्या सहलीत रायगड चढलो' ही आठवण प्रासंगिक स्मृतीत मोडते. दुसऱ्या प्रकाराला 'अनुभवजन्य ज्ञान' मानून त्याची विद्युत खूण शोधणे, हे बीईओएसचे उद्दिष्ट आहे.

पद्धत

चाचणीच्या वेळी व्यक्तीच्या डोक्यावर विद्युतअग्रे बसवतात. ती व्यक्ती शांत बसून केवळ ऐकते. तिने उत्तर देणे अपेक्षित नसते. तपास यंत्रणेने मांडलेला घटनाक्रम तिला प्रथमपुरुषी वाक्यांत ऐकवला जातो, उदा. 'मी विष विकत घेतले'. तुलनेसाठी 'आकाश निळे आहे' अशी तटस्थ वाक्येही ऐकवतात. त्यानंतर संगणक प्रणाली प्रत्येक वाक्याच्या वेळचा आलेख तपासून अनुभवजन्य स्मृती जागी झाली की नाही, याचा निष्कर्ष देते.

पुणे खटला

पुण्यात व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीवर आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. तिच्या संमतीने मुंबईत तिची बीईओएस चाचणी करण्यात आली. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने ती तरुणी व तिचा पती यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. इतर परिस्थितिजन्य पुराव्यांबरोबर चाचणीच्या अहवालाचाही न्यायालयाने विचार केला आणि निकालपत्रात या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. अपील प्रलंबित असताना मुंबई उच्च न्यायालयाने दोघांना जामीन मंजूर केला.

निमहान्सचे तत्कालीन संचालक डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा मेंदू-चाचण्यांचे परीक्षण केले. या चाचण्या अशास्त्रीय असून न्यायालयात पुरावा म्हणून त्यांचा वापर थांबवावा, असा समितीचा निष्कर्ष सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्मृतीच्या स्वरूपावर आधारित आक्षेप

घडलेली घटना मेंदूत ध्वनिमुद्रणाप्रमाणे जतन होते, असे या चाचणीत गृहीत धरले जाते. संकेतन, साठवण आणि प्रत्यावाहन या स्मृतीच्या तीनही टप्प्यांवर आठवणीत बदल होऊ शकतो, असे प्रायोगिक मानसशास्त्र सांगते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी इ.स. १९३२ मध्येच आठवणे ही पुनर्रचनेची क्रिया असल्याचे दाखवले.

एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी इ.स. १९७४ मध्ये १५० विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. ५० जणांच्या एका गटाला मोटारी एकमेकींवर 'आदळून चिरडल्या' तेव्हा त्यांचा वेग किती होता, असे विचारले. तितक्याच विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या गटासाठी प्रश्नात 'धडकल्या' हा सौम्य शब्द वापरला, तर तिसऱ्या गटाला वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्यानंतर 'फुटलेली काच पाहिली का' या प्रश्नाला या गटांतील अनुक्रमे १६, ७ व ६ जणांनी 'हो' म्हटले. प्रत्यक्षात चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. केवळ शब्द बदलल्याने आठवण बदलली.

संशयित व्यक्तीने चौकशीत तोच घटनाक्रम अनेकदा ऐकलेला असतो आणि मनात कल्पिलेलाही असतो. त्यामुळे चाचणीत जागी झालेली आठवण कृत्याची की चौकशीची, हा मूलभूत प्रश्न उरतो. जेसी रिसमन व सहकाऱ्यांनी इ.स. २०१० मध्ये चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांच्या साहाय्याने एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यक्तीला एखादा चेहरा ओळखीचा वाटतो की नाही, हे मेंदूच्या प्रतिमेवरून बऱ्याच अचूकपणे सांगता आले. तो चेहरा तिने खरोखर पाहिला होता का, हे मात्र विश्वासार्हपणे सांगता आले नाही.

संशोधनपद्धतीवर आधारित आक्षेप

कोणत्याही मानसशास्त्रीय चाचणीसाठी विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास तोच निष्कर्ष मिळणे) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) आवश्यक असते. त्यासाठी नियंत्रित गट हवा. परीक्षकाला व्यक्ती दोषी की निर्दोष हे माहीत नसावे आणि स्वतंत्र प्रयोगशाळांत निष्कर्षांची पुनरावृत्ती व्हावी. पुणे खटल्याच्या वेळी बीईओएसच्या अचूकतेची अशी स्वतंत्र पडताळणी उपलब्ध नव्हती, हा तज्ज्ञांचा मुख्य आक्षेप होता. प्रयोगात स्वयंसेवक ठरवून दिलेली कृती करतात. खऱ्या संशयितावरील भीती व ताण तेथे नसतो.

चुकांचे प्रमाण समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येते. १०० संशयितांपैकी १० दोषी आहेत आणि चाचणी दोषी व निर्दोष या दोन्ही गटांत ९०% अचूक आहे, असे समजू. तेव्हा ९ दोषी व्यक्ती बरोबर ओळखल्या जातील. पण ९० निर्दोषांपैकीही ९ जण दोषी ठरतील. म्हणजे चाचणीने दोषी ठरवलेल्या १८ जणांपैकी निम्मे निरपराध असतील.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हेशन प्रोफाइल या चाचण्या सक्तीने घेणे घटनाबाह्य ठरवले. संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. व्यक्ती गप्प असली तरी तिच्या मेंदूतील प्रतिसाद नोंदवणे म्हणजे तिच्याकडील ज्ञान काढून घेणेच होय आणि अशी सक्ती कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाही भंग करते, असे न्यायालयाने मानले. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरत नाही. मात्र तिच्या साहाय्याने पुढे सापडलेली वस्तू किंवा माहिती भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २७ नुसार ग्राह्य धरता येते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये समाविष्ट आहे.