चौथा झेंडा

पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारलं, की वर्षातून सरकारी झेंडावंदन किती वेळा होतं, तर तो म्हणेल तीनदा. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आम्हा नायगावकरांचं उत्तर मात्र ‘चारदा’ असतं. चौथा झेंडा १७ सप्टेंबरचा.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी मराठवाड्याबाहेर पडलेल्या प्रत्येकाला हा चौथा झेंडा एकदा तरी समजावून सांगावा लागतो. “म्हणजे? तुम्ही पंधरा ऑगस्टला स्वतंत्र झाला नव्हतात?” नव्हतो ना! आम्हाला आणखी तेरा महिने लागले. आणि त्या तेरा महिन्यांत झेंडा म्हणजे काय, याची जेवढी उत्तरं आमच्या भागात मिळाली, तेवढी क्वचितच कुठे मिळाली असतील.

आमच्यावर आधी एक वेगळाच झेंडा होता. आसफजाही झेंडा, पिवळ्या रंगाचा, मधोमध एक पांढरा गोल. हा गोल म्हणजे कुलचा, भाजलेली रोटी! गोष्ट अशी सांगतात, की पहिल्या निजामाला एका सूफी संताने पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे खायला दिले. त्याने सात खाल्ले. संत म्हणाला, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. खरंखोटं देव जाणे, पण सातवा निजाम मीर उस्मान अली हाच शेवटचा ठरला. राज्याच्या झेंड्यावर चक्क भाकरी, ही कल्पना मला फार आवडते. प्रजेच्या ताटात ती किती होती हा प्रश्न वेगळा. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच झेंड्याखाली नोकऱ्या, वतनं, शेती करणाऱ्या कित्येकांना तो आपला वाटत होता, हेही खोटं नाही.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीने तिरंगा स्वीकारला. चरखा जाऊन चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आलं. त्याच्या आधीच, जूनमध्ये, निजामाने फर्मान काढलं होतं, की इंग्रज गेले की आपण स्वतंत्र राजे. त्यामुळे दिल्लीत जो झेंडा सरकारी झाला, तो लावणं आमच्याकडे गुन्हा ठरला. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला आणि १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. एरवी झेंडा लावल्याबद्दल शाबासकी मिळते. इथे तुरुंग मिळत होता.

नकाशा काढून बघा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. नदीपलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे भारत. तिकडे तिरंगा उजळ माथ्याने फडकत होता आणि अलीकडे तो लपवून ठेवावा लागत होता. आमच्याकडचे कार्यकर्ते उमरखेडला कॅम्पात जमायचे आणि नदी ओलांडून करोडगिरीच्या नाक्यांवर चाल करून यायचे. त्यांच्यासाठी झेंडा म्हणजे आव्हान होतं. किंमत काय पडते हे तर आधीच दिसलं होतं. आमचं नायगाव पूर्वी ज्या बिलोली तालुक्यात होतं, त्याच तालुक्यातल्या अर्जापूरला ऑक्टोबर १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांना मारण्यात आलं. तेव्हा तर इंग्रजही जायचे होते.

समोरच्या बाजूलाही झेंड्याचीच भाषा होती. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा मूळ वकिलीचा माणूस, लातूरचा. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावू, अशा गर्जना त्याच्या नावावर आहेत. त्या गर्जनांच्या सावलीत गावंच्या गावं लुटली गेली, माणसं मारली गेली. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली, तर त्यांनाही ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार करण्यात आलं. हे नाव मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडच्या भाषणांत ते फारसं येत नाही.

आमच्या आज्जीला एकदा विचारलं होतं, तू पहिल्यांदा तिरंगा कधी पाहिलास? ती म्हणाली, “झेंड्याचं आमाला काय ठावं रं बाबा. रझाकार येनार म्हनून रातच्याला कडब्याच्या गंजीआड निजायचो. लेकरू रडू नये म्हनून तोंडावर हात धरायचो. मंग एक दिस म्हन्ले, आता भ्यायचं काम नाही. त्योच आमचा झेंडा.” तिच्या लेखी झेंडा म्हणजे रात्रीची झोप.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत खेळ खलास. इथपर्यंतची गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकतो. झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, चॉकलेट मिळतं, घरी.

पण गोष्ट १७ ला संपली नाही. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुसलमानांवर भयंकर हल्ले झाले. रझाकारांचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांतले कितीतरी रझाकार नव्हतेच. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अहवाल दिला. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेतच होता. म्हणजे हे आमच्याच गावांत झालं. त्याच अहवालात शेजारच्या मुसलमानांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. अहवाल मात्र कित्येक दशकं सामान्य वाचकापर्यंत आलाच नाही.

वडिलांचे एक मित्र होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. १५ ऑगस्टला सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शाळेच्या मैदानात सगळ्यांच्या आधी हजर. १७ सप्टेंबरला मात्र कधी दिसायचे नाहीत. कॉलेजात असताना मी धीर करून विचारलंच, चाचा, असं का? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “झेंडा तोच आहे बेटा. तारीख वेगळी आहे.” पुढे काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आज्जीला ज्या दिवसाने झोप दिली, त्याच दिवसाने चाचांच्या घरची झोप उडवली. यातलं कुणाचं खोटं? कुणाचंच नाही.

आजही त्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या तीन तुकड्यांत १७ सप्टेंबरची तीन नावं आहेत. आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात आता कल्याण कर्नाटक उत्सव. आणि आमच्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या तेलंगणात तर नाव काय ठेवायचं यावरूनच दरवर्षी भांडण. एकाच दिवसाला तीन नावं लागतात, यातच काय ते आलं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. जिथे तिरंगा लावायला बंदी होती, तिथेच आज तो बनतो. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला खादीचं कापड विणतात आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे झेंडे तयार होतात. लांबी-रुंदी ३:२, आरे चोवीस, सगळं मोजून मापून. मागावर बसलेल्या बाईला विचारलं तर तिच्यासाठी झेंडा म्हणजे मजुरी, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून पॉलिस्टरचे आणि यंत्रावरचे झेंडेही चालतील असं ठरलं. पुढच्याच ऑगस्टात घरोघरी तिरंगा लागला. छानच दिसत होता. पण हातमागावर पोट असलेल्याला त्या स्वस्त झेंड्यात आणखी काही दिसलं असेल, हेही समजून घ्यायला हवं.

असो. परवा भाच्याचा फोन आला. “मामा, सतरा सप्टेंबरचं भाषण आहे, तीन मिनिटांचं. मुद्दे सांगा ना.” मी त्याला स्वामीजी सांगितले, पैनगंगेपलीकडचे कॅम्प सांगितले, गोविंदराव पानसरे सांगितले. मग म्हटलं, शोएबुल्ला खान हे नाव लिहून घे. आणि शेवटी दोन वाक्यं त्या सप्टेंबरात विनाकारण मेलेल्या माणसांसाठी ठेव.

तो म्हणाला, “मामा, सर चालू देतील का?”

मी म्हटलं, विचारून बघ. नाहीच म्हणाले, तर घरी आम्हाला म्हणून दाखव. तीन मिनिटांची अट इथे नाही.