कसणारा आणि मालक

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा महाराष्ट्रातील श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ सालचा. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. त्याचा अंमल कोठे झाला आणि कोठे तो कागदावरच राहिला, हा वाद निराळा आहे. त्यामागील तत्त्व मात्र स्पष्ट होते : जो राबतो, त्याचे स्थान मालकाच्या मर्जीवर अवलंबून असू नये.

आजचा विषय शेतीचा नाही. संगणकांच्या जाळ्यावर गेल्या चार-पाच दशकांत ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. या वस्त्या लोकांनी स्वतः राबून उभ्या केल्या; पण त्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या, ती बहुतेक वेळा दुसऱ्याची होती. हा एक धागा हाती ठेवला म्हणजे या इतिहासातील पुष्कळ घटनांची संगती लागते.

प्रारंभ वेबच्या जन्मापूर्वीचा आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ रचावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्र नव्हते, केवळ शब्द होते. परंतु अनेक माणसे एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरू शकत. १९८६ साली लुकासफिल्म या अमेरिकन कंपनीने ‘हॅबिटॅट’ हे सचित्र नगर चाचणीसाठी खुले केले. घरातील कमोडोर ६४ हा संगणक टेलिफोनच्या तारेला जोडावयाचा आणि त्या नगरात उतरावयाचे. पडद्यावर आपल्या वतीने हिंडणाऱ्या बाहुलीला तेथे नाव मिळाले ते ‘अवतार’. देव भूलोकी उतरतो त्या कल्पनेचा आपला शब्द असा संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला आणि पुढे जगभर रूढ झाला.

हॅबिटॅटचे रचनाकार चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर यांनी आपले अनुभव नंतर लिहून प्रसिद्ध केले. ते समाजशास्त्राच्या अभ्यासकानेही वाचावेत असे आहेत. नगरात शस्त्रे होती, म्हणून चोऱ्या आणि खून होऊ लागले. खून हा गुन्हा मानावा की खेळाचा भाग, यावर रहिवाशांचे मत घेतले, तेव्हा मते जवळजवळ निम्मी निम्मी पडली. अखेर गावाच्या हद्दीत शस्त्र चालणार नाही, बाहेर रानात चालेल, अशी तोड निघाली. एका रहिवाशाने तेथे पंथ स्थापन केला. त्याच्या अनुयायांनी शस्त्र बाळगावयाचे नाही, चोरी करावयाची नाही, असा नियम होता. हा गृहस्थ खऱ्या आयुष्यातही ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मगुरू होता. रचनाकार मनोरंजनाचे साधन करावयास निघाले होते. लोकांनी त्यातून समाज निर्माण केला. मात्र चाचणी थांबवावयाची केव्हा, हे रहिवाशांच्या मतावर नव्हते.

आता वेबकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. त्या एकाच साधनाने पाने वाचताही येत आणि लिहिताही येत. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. ही गोष्ट आम्ही विशेष महत्त्वाची मानतो, कारण येथे जमीन खरोखरच गायरानासारखी सर्वांची झाली होती. पण पुढे जे ब्राउझर घरोघरी पोचले, ते मुख्यत्वे वाचण्यासाठी होते. लिहावयाचे तर पान ठेवण्यास जागा हवी, आणि ती सामान्य माणसाकडे नव्हती.

ही उणीव हेरून १९९४ साली अमेरिकेत ‘जिओसिटीज’ निघाली. फुकट जागा घ्या आणि आपले घर बांधा, अशी तिची योजना. तिने आपल्या जागेची मोहल्ल्यांत वाटणी केली होती. मनोरंजनाचा एक, संगणकाचा दुसरा, असे. लाखो लोकांनी तेथे कुटुंबाची छायाचित्रे, छंद, गावाची माहिती मांडली. १९९९ साली याहू कंपनीने जिओसिटीज विकत घेतली आणि रहिवाशांच्या मजकुरावर स्वतःला व्यापक हक्क देणारी नवी कलमे लागू केली. रहिवाशांनी निषेध केला, आपली पाने ओस पाडली, आणि कंपनीला कलमे बदलावी लागली. कुळे एकजूट झाली की मालक नमतो, याचा हा दाखला. परंतु २००९ च्या ऑक्टोबरात कंपनीने अमेरिकेतील सारी वस्तीच बंद केली. जे काही वाचले, त्यातील पुष्कळसे स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतले म्हणून वाचले.

दरम्यान तंत्रात मोठे परिवर्तन झाले होते. पूर्वी वेबवरील पानात एखादा शब्द बदलावयाचा तरी सबंध पान पुन्हा मागवावे लागे. वाण्याकडे एक जिन्नस बदलून मागावा आणि त्याने सारी पिशवी रिकामी करून पुन्हा भरावी, तसा प्रकार. १९९५ साली ब्रेंडन आइक याने जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. मायक्रोसॉफ्टने १९९९ सालच्या ब्राउझरमध्ये पडद्याआड हवा तेवढाच तुकडा मागवण्याची सोय केली. १ एप्रिल २००४ रोजी आलेली जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मधील गूगल मॅप्स यांनी या युक्तीची ताकद जगाला दाखवली, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट याने तिला ‘एजॅक्स’ असे नाव दिले. पान आता हाताला प्रतिसाद देऊ लागले. याची दुसरी बाजू तेव्हा फारशी कोणी बोलली नाही. पूर्वी माणूस आपल्या घरच्या संगणकावर काम करी आणि कागद आपल्याच पेटीत ठेवी. आता अवजारही मालकाच्या वाड्यात आणि कागदही तेथेच, असे झाले.

या तंत्राच्या बळावर समाजमाध्यमे वाढली. २००४ च्या जानेवारीत गूगलचे ऑर्कुट आले आणि ४ फेब्रुवारी रोजी हार्वर्ड विद्यापीठात फेसबुक सुरू झाले. ऑर्कुट विशेष रुजले ते ब्राझीलमध्ये आणि आपल्या देशात. शाळा सुटून वर्षे लोटलेले वर्गमित्र तेथे पुन्हा भेटले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. छायाचित्रे उतरवून घेण्यास मुदत दिली होती. पण ओळखीपाळखींचे जाळे गाठोड्यात बांधून नेता येत नाही.

फेसबुकची हकीकत अधिक बोधप्रद आहे. २००९ साली कंपनीने अटी बदलल्या, ओरड झाली, तेव्हा पुढील मोठे बदल मतदानाने ठरतील असे तिने जाहीर केले. अट एकच : एकूण सभासदांपैकी ३० टक्क्यांनी मत दिले तरच निर्णय बंधनकारक. डिसेंबर २०१२ मध्ये मतदानाचा हा हक्कच काढून घेण्याचा प्रस्ताव आला. सुमारे ६ लाख ६८ हजार लोकांनी मत दिले आणि त्यांतील ८८ टक्के प्रस्तावाच्या विरुद्ध होते. परंतु सभासद शंभर कोटींच्या वर असल्याने ३० टक्के म्हणजे ३० कोटी मते हवी होती. मतदानाचा हक्क त्या मतदानानेच संपला.

‘सेकंड लाइफ’ या २००३ साली उघडलेल्या आभासी जगाने निराळा मार्ग धरला. रहिवाशाने तेथे जे घडवले, त्याचे बौद्धिक हक्क त्याच्याकडेच राहतील, असे लिंडन लॅब या कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले. तेथे जमिनीचे व्यवहार खऱ्या पैशांनी होत. पुढे एका रहिवाशाचे खाते कंपनीने बंद केले, तेव्हा त्याने घेतलेली जमीनही गेली. तो न्यायालयात गेला. कंपनीच्या करारातील लवादाचे कलम एकतर्फी असल्याचे पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने २००७ साली म्हटले आणि नंतर प्रकरण आपसांत मिटले. जमीन म्हणून जे विकले, ते वस्तुतः वहिवाटीच्या परवानगीपलीकडे होते काय, हा प्रश्न मात्र अनिर्णीत राहिला.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. यंत्रे, वीज, माणसे यांचा खर्च त्यांनी सोसला आणि बहुतेकांनी वर्गणी घेतली नाही. तोट्यातील धर्मशाळा त्यांनी सदैव चालवावी, असे म्हणता येणार नाही. पण याला पर्याय नव्हता, असेही नाही. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाचा मजकूर कोणीही उचलून न्यावा, अशा मुक्त परवान्याने दिलेला आहे. २००२ साली जाहिराती येतील या शंकेने स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक लेखक सारा मजकूर घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने स्वतंत्र ज्ञानकोश मांडला. त्यांना कोणी अडवू शकले नाही. विकिपीडियावर जाहिराती कधी आल्या नाहीत. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच परवान्याच्या परंपरेत आहे. बी-बियाणे घेऊन उठून जाण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याच्याशी मालक सांभाळून वागतो.

हे तत्त्व कायद्यात येऊ लागले आहे. युरोपीय संघाच्या मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत, आपण दिलेली माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ सालच्या मसुद्यात हा हक्क होता. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा व पुसण्याचा हक्क आहे, पण ती घेऊन जाण्याचा नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी नागरिकांनीच केली पाहिजे. १९५७ सालचा कृषकदिनही कोणा जमीनदाराच्या औदार्याने उगवला नव्हता.

तोवर निदान एवढे करता येईल. अनेक मंडळे, वाचनालये आणि नाट्यसंस्था आपली इतिवृत्ते, छायाचित्रे, भाषणे आज परक्या कंपनीच्या जागेत ठेवतात, आणि तेवढ्याने ती जपली गेली असे समजतात. त्यांची एक प्रत आपल्या दप्तरात ठेवावी आणि ते काम एखाद्या कार्यवाहाकडे नेमून द्यावे. शंभर वर्षांची जुनी वही वाळवीतूनही थोडीफार वाचते. बंद झालेल्या वस्तीतील पान एका रात्रीत नाहीसे होते.