पुरूला कुणी विचारलं? : अकाली वार्धक्याच्या संशोधनाची गोष्ट

अकाली वार्धक्य हा विषय कोल्हापूरला परका नाही. याच गावात राहून लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली आणि पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. महाभारतातली मूळ कथा आपल्याला ठाऊक आहेच. शुक्राचार्यांच्या शापानं राजा भर तारुण्यात म्हातारा होतो, आणि माझं म्हातारपण घेता का, असं मुलांना विचारतो. चौघं नकार देतात, धाकटा पुरू घेतो. शेवटी ययाती ते परतही घेतो.

वैद्यकात मात्र असे काही पुरू आहेत, ज्यांना कुणी विचारलंच नाही. त्या आजाराला प्रोजेरिया म्हणतात. साधारण ४० लाख जन्मांमागे असं एक मूल जन्माला येतं. जन्मतः ते बहुधा इतर बाळांसारखंच दिसतं. वर्षा-दोन वर्षांत वाढ खुंटते, केस जातात, कातडी ताठरते. बुद्धी मात्र वयाप्रमाणे वाढत असते. उपचार नसतील तर सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं मृत्यू येतो. २००९ च्या 'पा' चित्रपटामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं.

इंग्लंडमध्ये जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये असा पहिला रुग्ण नोंदवला. हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी आणखी अभ्यास केला आणि १९०४ मध्ये ग्रीक शब्दांवरून 'प्रोजेरिया' हे नाव दिलं. अर्थ सरळ आहे : वेळेआधीचं म्हातारपण. नाव मिळालं, पण पुढची जवळजवळ शंभर वर्षं कारण काही मिळालं नाही. मुलं जगभर विखुरलेली, एकेका डॉक्टरला जन्मात एखादंच दिसणार. त्यात इतक्या थोड्या रुग्णांसाठी औषध काढण्यात कंपन्यांना फायदा तो काय?

कोंडी फुटली ती एका घरात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स या डॉक्टर दांपत्याच्या मुलाला, सॅमला, प्रोजेरियाचं निदान झालं. विचारायला जावं अशी जागाच नव्हती. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच संशोधन संस्था काढली आणि जगभरातल्या मुलांच्या पेशी व नोंदी एकत्र आणायला सुरुवात केली. अवघ्या चार वर्षांत, २००३ मध्ये, फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाला आणि फ्रान्समध्ये निकोला लेव्ही यांच्या गटाला कारण सापडलं.

ते कारण समजून घेण्यासारखं आहे. लॅमिन-ए नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देतं. त्याच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. गंमत अशी, की त्या अक्षरानं तिथल्या शब्दाचा अर्थ बदलत नाही. पण पोथीची नक्कल करणाऱ्याला ते 'इथून कापा' अशा खुणेसारखं दिसतं, आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात. नेमक्या त्या भागात प्रथिनाची चिकट शेपटी तोडण्याची जागा असते. शेपटी तशीच राहते, प्रथिन केंद्रकाच्या पडद्याला चिकटून बसतं आणि केंद्रकाचा आकार बिघडतो. या सदोष प्रथिनाचं नाव प्रोजेरिन. बहुतेक वेळा हा बदल मुलात नव्यानंच झालेला असतो. तेव्हा आईवडिलांना, आणि त्यातही आईलाच, दोष देण्याची आपली सवय इथं सरळ चुकीची ठरते.

शेपटी लागूच नये, यासाठी कर्करोगाकरता तयार झालेलं लोनाफार्निब हे औषध हाताशी होतं. बोस्टनमध्ये २००७ साली त्याची चाचणी सुरू झाली. चाचणीत १६ देशांतली २८ मुलं होती. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. सॅम मात्र २०१४ मध्येच, सतराव्या वर्षी गेला होता. मान्यतेवेळच्या आकड्यांनुसार या औषधानं आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं. सत्तरी ओलांडलेल्या आम्हाला अडीच वर्षं किरकोळ वाटतील. चौदा वर्षांच्या आयुष्यात ती फार मोठी असतात. २०२१ मध्ये उंदरांवर मूळ अक्षरच दुरुस्त करण्याचा प्रयोग झाला आणि त्यांचं आयुष्य दुपटीहून अधिक वाढलं. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते.

आता खरा प्रश्न. २००६ मध्ये दिसून आलं, की हेच प्रोजेरिन थोड्या प्रमाणात निरोगी म्हाताऱ्या माणसांच्या पेशींतही तयार होतं. झालं! आपल्या सगळ्यांना या मुलांविषयी एकदम आस्था वाटू लागली. त्यांच्यावरून आपलं म्हातारपण उलगडेल, कदाचित लांबेलही. इथं सावध राहायला हवं. एक तर, प्रोजेरिया म्हणजे नुसतं जोरात पळणारं घड्याळ नव्हे. या मुलांना मोतीबिंदू किंवा स्मृतिभ्रंश होत नाही. दुसरं, आपल्या तारुण्यासाठी त्यांच्याकडे पाहणं म्हणजे पुन्हा ययाती होणं.

पुरूला निदान विचारलं तरी होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात : आईवडिलांची संमती पुरेशी नाही, सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा. त्या मुलांपासून आपल्याला ज्ञान मिळालं तर ते जरूर घ्यावं. पण संशोधनाचा पहिला हिशेब त्यांच्या आयुष्याचा झाला पाहिजे.

इथं बावड्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यातले विद्यार्थी आज समोर बसलेत. त्यांना एवढंच सांगणं : असं मूल कधी ओपीडीत आलं तर त्याला आजोबा म्हणू नका, इतरांनाही म्हणू देऊ नका. इयत्ता विचारा, आणि पुढचं बोलणं त्याच्याशीही करा, नुसतं आईवडिलांशी नको.