इंटरप्रिटरच्या स्मृतिव्यवस्थेतील संख्यांचे स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकात संख्येला किती जागा लागते, हा प्रश्न सर्वपरिचित आहे. परंतु ती जागा कोणत्या पत्त्यापासून सुरू व्हावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. इंटरप्रिटरमधील निरुपयोगी स्मृती परत मिळवणारा ‘गार्बेज कलेक्टर’ याच प्रश्नाच्या उत्तरावर बऱ्याच अंशी विसंबून असतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

वर्डपासून बाइटपर्यंत :
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीतील प्रत्येक ‘वर्ड’ ४० बिटांचा असून संख्या सामान्यतः एका वर्डमध्ये मावत असे. संख्येची व वर्डची सीमा एकच असल्याने स्थानाचा वेगळा प्रश्न उद्भवत नव्हता. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरील शोधनिबंधात स्मृती आपोआप परत मिळवण्याची पद्धत मांडली.

१९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टीम ३६० मालिकेत ८ बिटांच्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता मिळाला. तथापि, ८ बाइटांच्या संख्येचा पत्ता ८ ने भाग जाणारा असावा, अशी यंत्राची अट होती. पुढे स्पार्क प्रोसेसरमध्येही अशीच अट होती.

संरेखनाची किंमत व लाभ :
इंटरप्रिटरला संख्येसोबत तिच्या प्रकाराची नोंद ठेवावी लागते. ही नोंद ४ बाइटांची असल्यास संख्येपूर्वी आणखी ४ बाइट रिकामे सोडावे लागतात आणि १२ ऐवजी १६ बाइट खर्ची पडतात. हा अपव्यय भासला, तरी त्यातून लाभही होतो. ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्याचे शेवटचे ३ बिट नेहमी शून्य असतात. त्या रिकाम्या बिटांत प्रकाराची खूण ठेवता येते व लहान पूर्णांक पत्त्याच्या जागीच साठवता येतो. समोरचा आकडा पत्ता आहे की संख्या, हे कलेक्टरला त्या खुणेवरून कळते.

सी भाषेत अशी खूण नसते. म्हणून हान्स बोएम व मार्क वायझर यांनी १९८८ मध्ये पत्त्यासारखा दिसणारा प्रत्येक आकडा पत्ताच मानण्याची पद्धत मांडली. यात संख्येला पत्ता समजल्यास निरुपयोगी स्मृती अडून राहते. उलट, अपेक्षित सीमेवर नसलेला पत्ता नजरेतून सुटल्यास वापरातील वस्तूच नष्ट होते. दुसरी चूक अधिक घातक होय.

पवई येथील संशोधन :
पत्ता अचूक ओळखला, तरी त्या ठिकाणची वस्तू पुढे वापरली जाईलच असे नाही. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांचे २००७ मधील संशोधन याच भेदाशी संबंधित आहे. ज्या दुव्याचा पुढे उपयोग नाही तो आधीच तोडल्यास अधिक स्मृती मोकळी होते, असे त्यांनी दाखवून दिले.

निष्कर्ष :
संख्येचे योग्य स्थान ही केवळ वेगाची बाब नसून स्मृतीच्या सुरक्षिततेची अट आहे. चिखलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी संगणकशास्त्र शिकवताना हा इतिहासही सांगितला, तर शेवटच्या ३ बिटांमागील कारण विद्यार्थ्यांना पाठ करावे लागणार नाही. ते त्यांना उमगेल.