सूचित संवाद

सूचित संवाद : शब्दांत स्पष्ट न सांगता, संदर्भ व सामायिक समजुतीच्या आधारे आशय पोहोचविण्याची संवादपद्धती.

उगम : भारतीय परंपरेत अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ) व लक्षणा (त्याच्याशी संबंधित गौण अर्थ) यांपलीकडील व्यंजनाव्यापाराचे (सूचित अर्थाच्या बोधाचे) विवेचन नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या ग्रंथात केले (→ ध्वनिसिद्धांत). आधुनिक भाषातत्त्वज्ञानात पॉल ग्राइस (१९१३–८८) यांनी १९६७ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत संवादातील सूचितार्थाची उपपत्ती मांडली (→ अर्थविचार).

स्वरूप : ग्राइस यांच्या मते संवाद परस्पर सहकार्यावर चालतो. पुरेशी माहिती, सत्यता, प्रस्तुतता व स्पष्टता या चार अपेक्षा श्रोता गृहीत धरतो आणि त्यांतील एखादी डावलली गेल्यास त्यावरून दडलेला अर्थ काढतो. ‘अहवाल झाला का ?’ या प्रश्नाला ‘आज दिवसभर बैठका होत्या’ असे उत्तर आल्यास नकार शब्दाविना कळतो. मराठी कार्यालयीन बोलण्यातील ‘बघू’ हा शब्द प्रसंगानुसार आश्वासन, दिरंगाई वा सौम्य नकार सुचवितो. आवाजातील चढउतार, विराम व मौन हीही सूचनेची साधने होत (→ देहबोली).

महत्त्व : सूचित संवादामुळे वेळ वाचतो व आदर राखला जातो, तथापि समान संदर्भ नसल्यास गैरसमज होतात. उदाहरणार्थ, २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कनजीक आव्हिआंका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले व ७३ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी इंधन संपत असल्याचे कळविले होते. परंतु आणीबाणी जाहीर केली नव्हती, त्यामुळे नियंत्रकांना परिस्थितीची निकड कळली नाही. विमानचालक पथकांच्या प्रशिक्षणात म्हणूनच स्पष्टोक्तीवर भर असतो (→ विमानसुरक्षा).