रुंद पाऊल, दुखरी टाच : जोडा निवडताना नंबरापलीकडे पाहा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकताच टाचेत कळ जाते. चार पावले चालल्यावर ती ओसरते. पण दिवसभर उभे राहिल्यानंतर संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. एसटीचे वाहक, शाळेतील शिक्षिका, सांगलीच्या मार्केट यार्डातील हमाल, सातारा आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील कामगार अशा तासन् तास उभ्याने काम करणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. त्यातच पाऊल रुंद असेल, तर दुखण्यात जोड्याची भर पडते. दुकानात ‘नंबर किती?’ एवढेच विचारले जाते. रुंदीची चौकशी होत नाही. मग आठ नंबर लांबीला पुरत असताना ग्राहक चवडा मावावा म्हणून नऊ किंवा दहा नंबर घेतो आणि नेमकी तेथेच गफलत होते.

नंबर लांबीचा, अडचण रुंदीची

आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्लिश मापपद्धतीत एक नंबर वाढला, की जोड्याची लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदीत पडणारी भर त्या मानाने थोडी असते. दोन नंबर मोठा जोडा घेतल्यास पाऊल आत पुढे-मागे सरकते, टाच सुटते आणि चालताना जोडा जेथे वाकायला हवा, ती जागा चवड्याच्या पुढे जाते. जोडा पायातून निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात. त्यातून भोवरी, घट्टे आणि तळपायाचा थकवा उद्भवतो. उलट अरुंद जोड्यात अंगठा करंगळीच्या दिशेने ढकलला जातो, त्याच्या मुळाशी असलेले हाड बाहेर येऊ लागते आणि एकदा आलेला हा बाक केवळ जोडा बदलून सरळ होत नाही.

काही देशांत एकाच नंबरचा जोडा तीन-चार रुंदींत मिळतो आणि ती रुंदी इंग्रजी अक्षरांनी दाखविली जाते. आपल्याकडील बहुतेक दुकानांत एका नंबरला एकच रुंदी असते. धावण्याचे बूट तयार करणाऱ्या काही कंपन्या मात्र रुंद आणि अतिरुंद असे प्रकार विकतात. त्यांची विचारणा आवर्जून करावी.

भारतीय पावलाचे सर्वेक्षण

रुंद पाऊल हा दोष नव्हे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांच्या पावलांची मापे घेतली. युरोपीय आणि अमेरिकी पावलांच्या तुलनेत भारतीय पाऊल सामान्यतः अधिक रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. या मापांच्या आधारे ‘भा’ या नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली. वय आणि लिंग यांनुसार आठ गट असलेला हा प्रस्ताव २०२४ मध्ये चर्चेत आला. बाजारातील जोडा आपल्याला चावत असेल, तर पाऊल ‘बेढब’ नसून जोड्याचा साचाच परक्या पावलावरून घेतलेला असू शकतो, हा या सर्वेक्षणाचा सर्वसामान्यांसाठीचा अर्थ.

कोल्हापुरी : सोय आणि मर्यादा

मापावर पादत्राण करून घेण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव कोल्हापूरचे असले, तरी महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, वादीची शिलाई आणि खिळ्याचा अभाव ही तिची ओळख.

रुंद पावलाला ती सोयीची वाटते, कारण बोटे मोकळी राहतात आणि चामडे वापराने पावलाचा आकार घेते. कारागिराकडून करून घेताना पट्टा सैल ठेवता येतो, तळही रुंद कापता येतो. मात्र तिचा तळ सपाट व टणक असतो आणि टाचेला मागून आधार नसतो. त्यामुळे टाचदुखी असलेल्यांनी ती थोड्या वेळापुरती वापरावी. दिवसभर उभ्याने काम करताना किंवा लांब चालताना टाळावी.

कोणत्या दुखण्याला कोणता जोडा?

सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत येणारी कळ बहुधा तळपायाच्या जाड पडद्यावर आलेल्या ताणामुळे असते. टाच किंचित उंच, टाचेखाली मऊ गादी, कमानीला आधार आणि मागची बाजू घट्ट असलेला जोडा अशा वेळी उपयोगी पडतो. घरातील फरशीवर अनवाणी फिरण्याऐवजी मऊ तळाची चप्पल वापरावी. पोटरीचे ताण देणारे व्यायाम नियमित केल्यास बहुतेकांना शस्त्रक्रियेविना काही महिन्यांत आराम पडतो.

अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढले असल्यास पुढून रुंद, मऊ कातडी अथवा कापडी आणि त्या जागी शिवण नसलेला जोडा निवडावा. कारखान्यातील कामगारांची अडचण वेगळी असते. सुरक्षा बुटांतील पोलादी टोपी वापराने सैल होत नाही. ‘आठ दिवसांत बसेल’ हे दुकानदाराचे आश्वासन तेथे फोल ठरते. असा बूट पहिल्या दिवसापासूनच रुंद हवा.

बधिर पावलांना अधिक धोका

मधुमेहींच्या बाबतीत जोडा हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होऊ शकते. अशा वेळी चावणारा जोडा चावल्याचे कळत नाही, आत गेलेला खडा जाणवत नाही, चप्पल निसटल्याचेही ध्यानात येत नाही. लहानशी जखम चिघळून बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. पालखी सोहळ्यात लोणंद, तरडगाव, फलटण या टप्प्यांवर चालणाऱ्या किंवा उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या मधुमेहींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अशा पावलांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, म्हणजेच ‘एमसीआर’ चप्पल उपयुक्त ठरते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांवर वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी केलेल्या कामातून अशा पादत्राणांचे महत्त्व पुढे आले. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात गरजू रुग्णांना ती मोफत दिली जाते. मऊ आतला तळ, न टोचणारा कडक बाहेरचा तळ आणि टाचेमागे पट्टा ही तिची वैशिष्ट्ये. अंगठ्यात अडकणारी चप्पल बधिर पावलांनी टाळावी.

खरेदीला जाण्यापूर्वी

- कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांच्या कडेने पेन्सिल फिरवावी. बसून घेतलेले माप कमी भरते. दोहोंपैकी मोठ्या पावलाचे माप धरावे.
- खरेदी सायंकाळी करावी. दिवसाअखेर पाऊल थोडे सुजलेले असते. नेहमीचे मोजे सोबत न्यावेत.
- जोड्यातील गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर येत असेल, तर तो जोडा अरुंद आहे.
- सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी.
- जोडा हाताने वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकावा. मध्येच घडी पडत असेल तर घेऊ नये.
- नाडी किंवा वेल्क्रोचा जोडा श्रेयस्कर. सूज कमी-जास्त झाल्यास तो सैल वा घट्ट करता येतो.
- दुकानातील गालिच्यावर नव्हे, तर फरशीवर पाच-दहा मिनिटे चालून पाहावे.

वयोमानाप्रमाणे आणि गरोदरपणानंतर पाऊल लांब-रुंद होऊ शकते, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या नंबरावर विसंबून राहू नये. जोडा बदलूनही काही आठवड्यांत दुखणे कमी न झाल्यास, सूज, मुंग्या अथवा बधिरपणा जाणवत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी मात्र लहानशा फोडासाठीही वाट पाहू नये. रोज रात्री पावले तपासण्याची आणि सकाळी जोडा झटकूनच घालण्याची सवय लावून घ्यावी.