क्रांती : आकाशातली आणि चौकातली

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक म्हणजे जुना काळा चबुतरा. १८५७ साली हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील बंडवाल्या शिपायांना येथे देहान्त शासन झाले आणि त्यांच्या स्मृतीने चौकाला आजचे नाव मिळाले, असे शहरात सांगतात. नावातला ‘क्रांती’ हा शब्द मात्र मूळचा राजकारणाचा नव्हे. तो खगोलगणिताचा आहे.

‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, जाणे. सूर्यसिद्धान्तात खगोलीय विषुववृत्तापासून ग्रहाचे जे उत्तर वा दक्षिण अंतर, त्याला ‘क्रांती’ म्हटले आहे. सूर्याचा भासमान वार्षिक मार्ग ते ‘क्रांतिवृत्त’. संक्रांतही याच कुळातली. संपातदिनी सूर्याची क्रांती शून्य असते, अयनदिनी ती सुमारे साडेतेवीस अंशांवर पोचते. या शहराचा अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर. सूर्याची क्रांती तेवढीच होते तेव्हा, म्हणजे मे आणि जुलै महिन्यांत एकेकदा, भर मध्यान्ही चौकातल्या सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अशा दिवशी चौकाचे नाव शास्त्रार्थानेही सार्थ ठरते.

इंग्रजीतील ‘रेव्होल्यूशन’चा प्रवासही असाच आहे. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या शीर्षकात या शब्दाचे लॅटिन रूप आहे, आणि तिथे ते खगोलांच्या परिभ्रमणाबद्दल आले आहे. पुढे तो शब्द राज्यपालटाला लागला. अरबीत ‘इन्किलाब’ म्हणजे उलटणे, पालटणे. तिथे अयनबिंदूंनाही हाच शब्द आहे. उर्दूत त्याचा रूढ अर्थ क्रांती, तर आजच्या अरबीत तो प्रामुख्याने लष्करी उठावाला लागतो. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या या शहराच्या कानांवर दोन्ही शब्द आहेत.

मग ‘रेव्होल्यूशन’ला ‘क्रांती’ हा प्रतिशब्द सर्वत्र चालावा, असे वाटते. तो चालत नाही. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी हे ‘परिभ्रमण’ आणि स्वतःभोवतीची गिरकी हे ‘परिवलन’. तिथे ‘पृथ्वीची क्रांती’ लिहिणारा अनुवादक दुहेरी चुकतो : राजकीय अर्थ अस्थानी येतो आणि शास्त्रीय अर्थ भलत्याच राशीचा, गतीऐवजी कोनीय अंतराचा, होतो. स्पॅनिशमध्येही हाच पेच आहे. तिथे ‘रेव्होलुसिओन’ हा सख्खा शब्द हाताशी असून तो खगोलशास्त्रात चालतोही. तरी शालेय पुस्तके पृथ्वीच्या या गतीला बहुधा ‘त्रास्लासिओन’ म्हणतात.

तिन्ही शब्द आकाशाच्या वर्णनातही वापरले गेले. पण आकाशात त्यांनी दाखवलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या : एक फेरी, एक अंतर, एक वळण. राजकारणात ते एकमेकांचे प्रतिशब्द झाले. शास्त्रात कधीच नव्हते. म्हणून शास्त्रीय नाम भाषांतरित करताना कोशातला पहिला अर्थ उचलण्याआधी त्या शास्त्रातले त्याचे शेजारी कोण, हे पाहावे. ‘परिभ्रमण’ कळते ते ‘परिवलना’मुळे, ‘क्रांती’ कळते ती विषुववृत्तामुळे.